प्लॉटवरची येळवस

आई आमच्या घरी आली ती पाहुणी म्हणून, आणि पाहुणीच राहिली. लातूरच्या बाहेरच्या अंगाला, जिथं वसाहत संपते आणि नुसते प्लॉटच प्लॉट सुरू होतात, तिथं आमचं घर. जळकोटकडचं तिचं शेत साठवण तलावात गेलं. वडील त्याच्या आधीच गेलेले आणि मी एकुलती एक. गावात उरली ती धाकट्या दिराच्या घरातली एक पडवी. मग ती जाणार कुठं? मला यात काही वावगं वाटत नव्हतं. पण आमच्याकडं जुनी माणसं लेकीच्या घरी पाणीसुद्धा अवघडून पितात. जावयाच्या अन्नावर बसायचं म्हणजे आईच्या घशाखाली घास उतरत नसे.

अर्धी भाकरी वाढून घ्यायची, तीही चिमण्यांसारखी टिपत खायची. मी भडकायचे. "अगं, तुझा जावई काय तुझ्या भाकरी मोजायलाय का?" यावर ती डोळे मोठे करायची. "हळू बोल की. ऐकतील ते."

ते म्हणजे आमचे हे. एका शिकवणीच्या क्लासमध्ये ऑफिस सांभाळतात. स्वभावानं इतके गरीब की दुकानदारानं कुजका टोमॅटो दिला तरी धन्यवाद म्हणतील. हे घरात असले की आई डोक्यावरचा पदर पुढं ओढून भिंतीला लागायची. यांच्याशी थेट कधी बोलायची नाही. काही हवं-नको असेल तर माझ्यामार्फत. शेवटी हेच शहाणे झाले. लवकर जेवून "जरा फिरून येतो" म्हणत बाहेर पडायचे, म्हणजे मागे सासूबाईंनी दोन घास तरी खावेत. आई तेव्हाही अर्धीच खायची. वाळून काडी झाली होती. मी शाळेत पोरांना शिकवत असायचे आणि डोक्यात एकच, ही बाई माझ्या घरात उपाशी मरणार.

आमच्या शेजारी एक मोकळा प्लॉट होता. मोकळा कसला, उकिरडाच म्हणा. कुणाच्या तरी जुन्या घराचा पाडलेला मलबा, गाजर गवत, येडी बाभळ, सगळ्या गल्लीच्या पिशव्या आणि त्यावर कुत्र्यांची सभा. मालक नांदेडला राहायचे. कोपऱ्यातल्या पत्र्यावर "हा प्लॉट विकणे नाही" असं रंगवलेलं आणि खाली फोन नंबर. एक दिवस शाळेतून येते तर आई प्लॉटमध्ये बसून खुरप्यानं गवत काढतेय. खुरपं कुठनं आणलं तर गावाकडून येताना लुगड्यात गुंडाळून आणलेलं. मी म्हटलं, "लोकाच्या जागेत काय करायलीस?" तर म्हणाली, "खाली काळी माती हाय गं. लई चांगली हाय."

यांनी रीतसर मालकाला फोन लावला. माणूस सज्जन निघाला. म्हणाला, "करा की हो भाजीपाला, माझं गवत तरी निघेल. फक्त काही बांधू नका." आम्ही म्हटलं, छे छे, बांधतोय कशाला!

मग काय विचारता. गल्लीच्या टोकाला जारच्या पाण्याचा प्लांट आहे. त्याचं वाया जाणारं पाणी गटारात जायचं. प्लांटवाल्याला गोड बोलून यांनी पाइप टाकून ते प्लॉटमध्ये वळवलं. गल्लीतल्या बायका आधी नाकं मुरडत होत्या, त्याच हळूहळू पाट्या उचलायला आल्या. मलबा एका कडेला गेला. मेथी आली, पालक, शेपू, चुका आला. कडेनं तूर, मधे हरभरा, आणि हौसेनं ज्वारीच्या चार ओळी. लातुरात आम्ही नळाला पाणी कधी येईल याची वाट बघत बसतो आणि इथं पोपटी रान डुलत होतं. येणारे-जाणारे गाड्या थांबवून बघायचे.

पहिल्या मेथीची जुडी आईनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "कर. आज म्या आणलीय भाजी." त्या दिवशी ती पूर्ण भाकरी जेवली. वर आणखी चतकोर मागून घेतली. मागून! मी तव्याकडं तोंड करून रडले, कारण तिच्यासमोर रडले असते तर पुन्हा हात आखडला असता. आता ताटात तिचं स्वतःचं काहीतरी होतं, एवढाच काय तो फरक. हे जेवताना भाजीची तारीफ करायचे आणि आतून आई मला खुणेनं सांगायची, त्यांना अजून वाढ. वाढणारी आता ती होती. मला वाटलं, सुटलो बुवा, ही आता टिकली.

आणि मग येळवस आली.

लातूरच्या माणसाला येळवस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. थंडीतली अमावस्या असते. त्या दिवशी लातूर शहर ओस पडतं. जो तो आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या रानात. ज्वारीच्या कडब्याचा कोप घालतात, म्हणजे छोटीशी खोपच. आत पाच दगड मांडून त्यांना चुना आणि काव लावतात. ते पांडव. त्यांची पूजा करायची, मग पालेभाज्या नि कोवळे दाणे एकत्र शिजवलेली भज्जी, आंबील, खीर आणि येईल त्याला जेवायला घालायचं. कुणाला नाही म्हणायचं नाही. ज्याला रान नाही त्याला त्या दिवशी कुणीतरी बोलावतंच. शेत गेल्यापासून आई कुणाच्याच रानात गेली नव्हती. दार लावून घरात बसायची.

यंदा तिनं आठ दिवस आधीपासूनच कडबा आणायला लावला. प्लॉटच्या मधोमध कोप उभा राहिला, उगवतीकडं तोंड करून. मलब्यातलेच पाच दगड धुऊन चुना लावून मांडले. गल्लीतली निम्मी माणसं गावी गेली होती, पण उरलेली सगळी जेवायला आली. शेजारच्या हॉस्टेलच्या मुली आल्या, जारवाला आला, कचऱ्याच्या गाडीवरचे दोघं आले. आईनं सगळ्यांना वाढलं. भज्जीतला हरभरा तिचा, तूर तिची, पाला तिचा. "घे की गं, लाजू नगंस, आपलंच हाय," असं ती म्हणत होती. आपलंच! शेत गेल्यापासून हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

यांना राहवलं नाही. यांनी फोटो काढला. कोपाच्या तोंडाशी आई, शेजारी चुन्यानं पांढरे पांडव, मागे पंगत. आणि मोबाइलवर स्टेटस ठेवलं, "आमच्या मामींचं रान." सासूला हे मामीच म्हणतात. किती अभिमान होता त्या माणसाला! दिवसभर कुणी बघितलं, कुणी काय लिहिलं, मला वाचून दाखवत होते.

तो फोटो फिरत फिरत नांदेडला पोचला.

कोप घालणं म्हणजे बांधणं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. येणार कसं? कोप काय, कधीतरी वाऱ्यानं पडतो आणि गुरं खातात. पण दूर बसलेल्या माणसानं फोटोत काय बघितलं? आपल्या जागेवर झोपडी, झोपडीत चुना लावलेले देव, देवापुढं गर्दी. वर लिहिलेलं, आमच्या मामींचं रान.

मालक स्वतः आले. सोबत जेसीबी. मी शाळेतून धावत आले तोवर यंत्र गल्लीच्या तोंडाशी घुरघुरत होतं. माझं डोकंच फिरलं. काय वाट्टेल ते बोलले मी त्यांना. तुम्हाला आयाबहिणी आहेत की नाही इथपासून सुरुवात. त्या माणसानं आधी चपला काढून पांडवांना हात जोडले आणि मग म्हणाला, "ताई, मला काय हौस आहे का? माझ्या भावाच्या प्लॉटवर असाच एक दगड होता. कुणीतरी चुना लावला. आज तिथं कळस आहे. भाऊ कोर्टात चकरा मारून मारून गेला. मी तुम्हाला सांगितलं होतं, काही बांधू नका."

खोटं बोलत असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. मी गल्लीकडं बघितलं. त्याच कोपासमोर बसून भज्जी चोपलेली माणसं गच्चीवर उभी राहून बघत होती. एकजण खाली उतरेल तर शपथ. हे कोपऱ्यात उभे, हातातला मोबाइल खिशात घालायचंही सुचत नव्हतं.

मालक आईला म्हणाले, "मावशी, देव तुमच्या हातानं उचला. आणि काय काढायचं ते काढून घ्या, मी थांबतो." आईनं एकेक दगड उचलून पदरात घेतला. भाजी मात्र काढली नाही. मी म्हटलं, अगं हरभरा तरी उपट, घाटे लागलेत. ती म्हणाली, "दाणा अजून भरायलाय. आता उपटून काय मिळतंय?" आणि घरात येऊन बसली. आम्ही आतून नुसता आवाज ऐकला. संध्याकाळी प्लॉट सपाट होता आणि मिस्त्री कंपाउंडची दोरी लावत होता.

मी गप्प बसणारी नाही. रविवारी यांना घेऊन नांदेड गाठलं. मालकांच्या बायकोनं पोहे केले, आग्रह करून चहा पाजला. आम्ही म्हटलं, हवं तर लिहून देतो. कोप घालणार नाही, देव मांडणार नाही, नुसती भाजी. मालक मान खाली घालून ऐकत राहिले. म्हणाले, "तुमच्यावर विश्वास आहे हो. पण उद्या त्या जागेवर दुसरं कुणी येऊन हात जोडायला लागलं तर तुम्ही काय करणार?" शेवटी ते म्हणाले, "मावशींना भाजीच लागते ना? मी लातुरात सांगून ठेवतो, रोज घरपोच भाजी येईल." काय सांगू त्या भल्या माणसाला, की भाजी कुणाला हवी होती?

मग मी दुसरे प्लॉट शोधायला लागले. आसपास काय कमी आहेत? पण फोटो सगळीकडं आधीच पोचलेला. मी नाव सांगायच्या आत समोरचा म्हणायचा, "त्या कोपवाल्या तुम्हीच ना?" एकानं तर मी विचारलं त्याच आठवड्यात तारेचं कुंपण घातलं. गच्चीवर कुंड्या ठेवल्या, मातीच्या गोण्या वर नेल्या. आईनं बघितलं आणि म्हणाली, "हे तुझ्या छतावर हाय. तुझंच हाय हे." पाणीसुद्धा घातलं नाही तिनं. ताटात पुन्हा अर्धीच भाकरी.

एक शब्द वाईट बोलली नाही ती, ना मालकाला, ना मला. यांच्यासमोर तर पूर्वीपेक्षा जास्त अदबीनं वागायची. हे आले की उठून उभी. यांच्या पानात पहिली गरम भाकरी. अपराध्यासारखे हे खाली मान घालून जेवायचे. त्यांना धड सासूची माफी मागता येईना, कारण हे बोलायला लागले की ती आत सरकायची. आणि रात्री मला म्हणायचे, "अगं, मामींना म्हण, माझ्यावर ओरडा." मी आईला सांगितलं, तर तिनं कानावर हात ठेवले. "जावयाला बोलू? येड लागलंय का तुला?"

फेब्रुवारीत तिनं सांगितलं, ती गावी जाणार. धाकट्या दिराकडं. तिथं एक पडवी आहे आणि तिरसट जाऊ आहे, पण ते तिच्या नवऱ्याचं घर. मी रडले, ओरडले, शपथा घातल्या. ती पिशवी भरत राहिली.

निघायच्या दिवशी हे कामावर गेले नाहीत. दारातच उभे राहिले, वाट अडवून. आई आत सरकायला लागली तर यांनी हात जोडले.

"मामी, जाऊ नका. चूक माझी झाली, मी फोटो टाकायला नको होता. मला शिव्या द्या, काय वाटेल ते बोला. मी तुमचा मुलगाच आहे असं समजा."

आईनं पदर सारखा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती त्यांच्याशी थेट बोलली.

"तुमी ल्योक असता, जावईबापू," ती म्हणाली, "तर त्याच दिवशी तुमाला लई शिव्या घातल्या असत्या म्या. आन् शिव्या घालून हितंच पोटभर जेवले असते."

हे बाजूला झाले. मी पिशवी उचलली.