वीरुपाक्षप्पांच्या पांढऱ्या मागुरी

सोनपेठेत वीरुपाक्षप्पांचं तेला-गुळाचं दुकान होतं. माणूस सरळ, बोलणं बेताचं, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. त्यांच्या घराण्यात मासळीला कुणी कधी बोट लावलं नव्हतं. बाजारच्या दिवशी भोयांच्या मासळीच्या टोपल्या लागत ती गल्ली टाळून ते वळसा घालून घरी जात. अशा माणसानं घरात मासे पाळावेत आणि त्यांची वीण वाढवावी, हे गावाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

त्यांना एकच लेक होती, चन्नबसम्मा. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी झालेली. दुसरी मोठी लढाई चालू असताना ती घटसर्पानं गेली. गळा सुजून बंद झाला. परभणीहून डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेवटी शेवटी पोर नुसती तोंड उघडायची आणि मिटायची, वारं काही आत जात नव्हतं. वीरुपाक्षप्पा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. घटकाभर ते तेवढंच बघत राहिले.

त्यानंतरच्या एका बाजारी ते चालता चालता भान हरपून भोयांच्या गल्लीत शिरले. भुजंग भोई ओल्या पोत्यावर मागुरी मांडून बसला होता. खवले नसलेला, मांजरासारख्या मिशांचा हा मासा, काळपट, बुळबुळीत. पण त्या काळ्या ढिगात एक मागूर पांढरीधोट होती, डोळे गुंजेसारखे तांबडे. ती तोंड उघडत होती आणि मिटत होती.

वीरुपाक्षप्पा पोत्यापुढं उकिडवे बसले.

"जित्ती हाय का रे ती?"

"हाय की आप्पा," भुजंग म्हणाला. "मागूर वारं पिऊन जगती. सकाळधरनं पान्याबाहीर हाय, पर मरंना. आशी पांढरी म्या जल्मात बघितली न्हाई. देवीची म्हनून कुनी हात लावंना."

"माझ्या घरी आनून दे."

भुजंगाला वाटलं, आपण भलतंच ऐकलं.

घरी बायकोनं, उमादेवीनं, कपाळावर हात मारून घेतला. "अवो, ह्या घरात लिंगपूजा होती! हे काय आनलं तुमी?"

"अगं, ही मरत न्हाई," वीरुपाक्षप्पा म्हणाले. तेवढंच. उमादेवी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग आत निघून गेली.

एका मिठाईवाल्याची मोडकी काचेची पेटी त्यांनी आणली. सांधे गळत होते, त्यात राळ आणि मेण तापवून भरलं. पेटी ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, तळाशी नदीचा गाळ घातला, मासा उडी मारून बाहेर पडू नये म्हणून वर फळी टाकली. भुजंगानं जोडीला एक काळा नर आणून सोडला. मागुरी दुकानातली पेंड खायच्या, जगायच्या, पण अंडी काही घालीनात.

"पेंडीवर अंडं धरत न्हाई, आप्पा," भुजंग म्हणाला. "गांडुळं घालावी लागत्यात."

वीरुपाक्षप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढं कितीतरी दिवस त्यांनी ती गोष्ट काढली नाही. मग एका सकाळी आंघोळीच्या आधी खुरपं घेऊन ते परसात गेले. आधी गांडुळं, मग आंघोळ, मग पूजा, असा त्यांचा नेमच पडला.

गोष्ट मठापर्यंत गेली. स्वामी घरी आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. "वीरुपाक्षा, एक जीव जगवायला दुसरा मारायलास. हे कोनत्या धर्मात बसतं?"

वीरुपाक्षप्पा दुसऱ्या दिवशी पुन्हा खुरपं घेऊन परसात गेले.

झळ लागली ती उमादेवीला. दुकानात गिऱ्हाईक येत होतं, तेलावाचून कुणाचं चालतंय थोडंच? पण हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, बारशाला कुणी बोलवीना. विहिरीवर बायका तिला बघून गप्प व्हायच्या. तिनं नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट एकदा ते तापानं अंथरुणाला खिळले, तर तिनंच पदर खोचला, खुरपं उचललं आणि डोळे किलकिले करून गांडुळं वेचून पेटीत टाकली.

श्रावणात नदीचं नवं पाणी घागरीनं आणून पेटीत घातलं आणि फुटक्या मडक्याच्या आडोशाला मागुरीनं अंडी घातली. नर राखणीला बसला, पेटीत हात घातला की धावून यायचा. पिलं निघाली, पण एकजात काळी. वीरुपाक्षप्पांनी नदीत सोडली ती सगळी, एक तेवढा नर वाढवला आणि पुढं त्याचीच पांढरीशी जोडी लावली.

त्या विणीतली पिलं पहिल्यांदा बघितली ती उमादेवीनं. "अवो, इकडं या! पांढरी हायेत! निम्मी पांढरी हायेत!" ती हसत होती. लेक गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात दिवस फिरले. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावोगाव शिरत होत्या. शेजारच्या कापडवाल्याला भर बाजारात मारलं, वीरुपाक्षप्पांचं दुकान धुवून नेलं. लोक मिळेल त्या वाटेनं वऱ्हाडाकडं निघाले. निघायच्या आदल्या दिवशी वीरुपाक्षप्पांनी मागुरी रांजणात घालून नदीकाठी भुजंगाच्या झोपडीत पोचवल्या.

"जमंल तसं संभाळ," ते म्हणाले.

"काळजी करू नगा, आप्पा," भुजंगाची बायको दगडाबाई म्हणाली. "माझ्या लेकरांवानी संभाळीन."

बैलगाडीनं परभणी, पूर्णेवरून हिंगोलीची गाडी आणि तिथून पुढं पायी, असं करत ती दोघं संस्थानाच्या हद्दीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत पोचली. छावणीत पटकी पसरली. उमादेवीला ती लागली तेव्हा तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. "दगडाबाई पानी बदलती का न्हाई?" तिनं एकदा विचारलं. वीरुपाक्षप्पा म्हणाले, बदलती. संध्याकाळच्या आत ती गेली. विधी करायला जंगम मिळाला नाही. त्यांनी स्वतःच खड्डा खणला, तिला मांडी घालून आत बसवली आणि तिचं लिंग तिच्या हातात ठेवून माती लोटली.

निजामानं हत्यार टाकल्यावर ते सोनपेठेला परतले ते एकटेच. पेटीच्या काचा ओसरीभर पसरल्या होत्या. ते न थांबता नदीवर गेले.

रांजण झोपडीबाहेर पालथा पडला होता. दगडाबाई कपाळ पांढरं घेऊन बाहेर आली. "माझ्या धन्याला डोहावर गोळी घातली, आप्पा," ती म्हणाली. "नाव नेली, जाळी नेली. नदीला जायाची सोय न्हाई, गावात दाना न्हाई. लेकरं तरोट्याचा पाला खायाची." तिनं पालथ्या रांजणाकडं बोट केलं. "मागुरी शिजवल्या."

"समद्या?"

"समद्या."

"पांढऱ्या बी?"

"त्याच आदी गेल्या. रांजनात हात घातला की त्याच दिसायच्या."

वीरुपाक्षप्पा वाळूत खाली बसले. त्यांनी विचारलं, "आन् लेकरं?"

"धाकटी गेली. थोरला तेवढा हाय."

ते उठले आणि चालू लागले.

दुकान पुन्हा उघडलं. दगडाबाई तेलाला आली, की ते मापून द्यायचे, पण वर बघायचे नाहीत. मठाचे स्वामी पुन्हा घरी येऊ लागले. गाव म्हणायचं, आप्पा ठिकाणावर आले.

एकदा दुकानात कुणी नाही असं बघून दगडाबाईनं विचारलंच. "आप्पा, माझा राग हाय ना तुमाला?"

"हाय," वीरुपाक्षप्पा म्हणाले. त्यांनी तिच्या बुधलीत तेल ओतलं, बूच लावलं. "पर पोरगं वाचलं, ते बरं झालं."

ती बुधली घेऊन पायऱ्या उतरली. त्यांनी सांडलेलं तेल फडक्यानं पुसून काढलं.