सकाळवाला

पाणीपुरवठा कंपनीत तिला सगळे नियमबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. सरकारनं नवा कायदा आणला होता: ज्या संगणकांवर पंप चालतात तिथे कोण आत शिरतं, का शिरतं, याचा चोख हिशेब हवा. तपासणीआधी कंपनीला त्या कायद्यात बसवायचं काम हिच्या गळ्यात पडलं, आणि ही बाई हात धुऊन सगळ्यांच्या मागे लागली. पडद्यांना चिकटवलेले पासवर्ड तिनं स्वतः ओरबाडून काढले. फाटकावरच्या रखवालदाराला बजावलं, "कार्डाशिवाय कुणालाही सोडायचं नाही. ओळखीचा असला तरी नाही." रखवालदारही पक्का. म्हणाला, "लिहून द्या." तिनं लिहून दिलं.

एका सकाळी ती पंपांच्या नियंत्रण कक्षात जाऊन बसली. समोर भिंतभर पडदा, त्यावर शहरातल्या टाक्या निळ्या रंगानं हळूहळू भरत होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात संगणकात शिरलेल्यांची नोंद दिसत होती. खोलीत ऑपरेटर एकच, आणि पडद्यावर माणसं दोन.

"हा दुसरा कोण?" तिनं विचारलं.

"तो होय?" ऑपरेटरनं आरामात चहाचा घोट घेतला. "तो सकाळवाला."

"सकाळवाला म्हणजे?"

"रोज सकाळी येतो, टाक्या बघतो, जातो. गुणी माणूस आहे हो, कशाला हात लावत नाही."

"अहो, पण आहे कोण?"

"ते काही माहीत नाही बुवा. आम्हाला वाटलं, वरच्या साहेबांपैकी कुणी असेल."

नियमबाईची बोबडीच वळली. या खोलीतून अर्ध्या शहराचं पाणी तोडता येतं, पाण्यात औषध किती पडावं ते ठरतं, आणि इथे एक परका माणूस रोज येऊन बसतो, तर या लोकांनी त्याला लाडाचं नाव ठेवलंय! तिनं मॅनेजरला फोन लावला. त्यांना वाटत होतं, तो यंत्रं पुरवणाऱ्यांचा माणूस. यंत्रवाल्यांना वाटत होतं, तो मॅनेजरचा. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय? नोंदीत नावही नव्हतं, नुसतं 'पाळीप्रमुख' एवढंच. ते पद तर कधीच रद्द झालं होतं.

संगणक विभागातल्या माणसानं शोध घेतला. मग तो चाचरत म्हणाला, "मॅडम, बाहेरून आत यायची परवानगी एकाच घराला आहे. तुमच्या. बाळंतपणानंतर तुम्ही घरून काम करत होतात, तेव्हा दिली होती."

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. नवरा फिरतीवर, लेक शाळेत. घरी होते फक्त नाना, तिचे सासरे. या कंपनीचे शेवटचे पाळीप्रमुख.

नानांचं सगळं आयुष्य या पंपांवर गेलं होतं. मुलाच्या लग्नात, कुठेशी मोठी पाइपलाइन फुटली म्हणून कळल्यावर हा गृहस्थ भरल्या ताटावरून उठून गेला होता, आणि नव्या सुनेनं वाकून नमस्कार केला तो रिकाम्या खुर्चीला. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना घर खायला उठलं. म्हणून सुनेनंच आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. रोज सकाळी ते खोलीचं दार लोटून त्यापुढे बसत. "आमचे नाना या वयात बातम्या वाचतात हो," असं ती शेजारणीला कौतुकानं सांगायची. कंपनीनं निरोप देताना त्यांच्याकडून किल्ल्या घेतल्या, टोपी घेतली. त्यांचा पासवर्ड बंद करायचं मात्र कुणाला सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि कळसा हिच्याच घरी.

"आत्ताच्या आत्ता बंद करा आणि वर कळवा," मॅनेजर फोनवर गरजले.

आधी घरी जाऊन नानांना सांगावं, असं तिच्या मनात आलं. पण नियम तिनंच लिहिला होता. संध्याकाळी समजावून सांगू, असं म्हणत तिनं बटण दाबलं. पडद्यावरची दुसरी नोंद विझली.

"गेला बिचारा," ऑपरेटर म्हणाला.

घर मागच्याच गल्लीत. थोड्या वेळानं फाटकावरून फोन आला. "मॅडम, तुमचे नाना आलेत. पायात चप्पल नाही. आत सोडा म्हणून ओरडतायत. पण तुम्ही तर लिहून दिलंय."

ती धावत सुटली. फाटकाच्या गजांना धरून नाना उभे होते, घामानं थबथबलेले, ओठ पांढरे पडलेले. तिला बघताच म्हणाले, "सूनबाई, पळ, आत जा आधी! कुणीतरी परका शिरलाय. त्यानं मला बाहेर काढलं गं. टाक्या दिसेनात. तो पाणी तोडणार बघ!"

"नाना," ती म्हणाली, "मीच काढलं तुम्हाला."

नानांनी विचारलं, "म्हणजे पाणी चालू आहे?"

"चालू आहे."

"मग बरोबर केलंस." गजावरचे हात त्यांनी सोडले. "पण सांगायचं होतंस गं. मी किती घाबरलो."

रखवालदारानं आपल्या चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. गजाखालून त्या सहज सरकल्या. त्याबद्दल काही नियम नव्हता.

दुपारी तिनं अहवालात नानांचं नाव लिहिलं, पत्ता म्हणून स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला, आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर नानांच्या खोलीचं दार सताड उघडं. लॅपटॉप मिटून तिच्याच टेबलावर आणून ठेवलेला. ती स्वयंपाकघराकडे धावली.

नाना नळ सोडून त्याखाली हात धरून उभे होते.