पाचवा ठोंब

पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून मी वाचायला शिकले. वडील सिल्वासाच्या कारखान्यात मशीनवर होते आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. चूक दिसली की ती ठळक अक्षरांत छापून वाटायची, हे मी त्यांच्याकडूनच घेतलं. पुढे ते धुळ्याकडे गावी परतले. मी सिल्वासाजवळच सामरवरणीत खोली घेऊन एकटी राहिले.

खोलीमागे माळाचा एक तुकडा उरला होता. त्यावर मारवेल होतं, ठोंबाठोंबानं वाढणारं, पेरांवर जांभळट झाक असलेलं इथलंच गवत. एकदा रुजलं की वर्षानुवर्षं त्याच जागी फुटतं. दसऱ्यानंतर आठ दिवस जवळच्या किलवणी गावची एक मावशी आपल्या दोन म्हशींसाठी ते कापायला यायची. मी चहा न्यायचे. त्या आठ दिवसांत माझ्याशी कामाखेरीज बोलणारं तेवढं एकच माणूस.

मग माळाच्या दोन्ही बाजूंनी इमारती उठल्या. लोक येता-जाता गवत ओरबाडायला लागले. मी पत्रक काढलं: ‘हे गवत सगळ्यांचं आहे. कुणीही कापू नये.’ चाळींत वाटलं, कुंपणाला बांधलं. मावशी आली तेव्हा तिलाही वाचून दाखवलं.

“मी बी नाय कापायचं?”

“नियम सगळ्यांना सारखा, मावशी.”

“गवताला इचारलास काय?” ती हसली. “मी दर पाचवा ठोंब बियाला सोडते. तुज्या कागदात त्याला जागा नाय?”

मी नाही म्हटलं. ठाम राहिल्याचा मला तेव्हा अभिमानही वाटला. तिनं विळा फडक्यात गुंडाळला आणि चहा न घेता गेली.

दोन पावसाळे गेले. न कापलेलं जुनं काड उभंच राहिलं, खालच्या कोंबांना ऊन मिळेना. ठोंब मधून काळे पडले. नाल्याकडच्या कोपऱ्यात मात्र कुणीतरी माझं न ऐकता कापून नेलं होतं. फक्त तिथं मारवेल हिरवंगार होतं.

मी किलवणीला गेले. मावशीचा गोठा रिकामा होता. तिथं आता सायकल ठेवलेली.

“चारा कुठला आणू? दिल्या म्हशी,” ती म्हणाली. ती पॅकिंगच्या कामाला जायला निघाली होती. गवत काळं पडतंय असं मी सांगितलं, तशी तिनं आढ्यातला विळा काढून दिला. “चार बोटं खाली ठेव. मुळाशी नको जाऊस.”

“तुम्ही याल?”

“मना सुट्टी कुठंय, पोरी?”

रविवारी मी एकटीनं कापलं. हाताला फोड आले. मोजत मोजत पाचवा ठोंब सोडत गेले. चहा सवयीनं दोघींचा केला होता. पेंढ्या बांधून कुंपणाशी ठेवल्या आणि चाळींत सांगून आले, ज्यांच्याकडे गुरं असतील त्यांनी न्याव्यात.

गुरं कुणाकडेच नव्हती. पेंढ्या अजून तिथंच आहेत.