हिवाळ्यात नोंदवलेलं दुकान

ज्या कंपनीच्या फोनमधल्या शोधायच्या चौकटीला विचारल्याशिवाय आज लोक दवाखान्याचीही वाट धरत नाहीत, तिच्यासाठी मी एक वर्ष फॉर्म भरले. थेट तिच्यासाठी नाही. तिचं काम मुंबईतल्या कोणी घेतलं, त्याने ते नागपूरच्या कोणाला दिलं, आणि तिथून ते अकोल्यातल्या एका शिकवणीवर्गाच्या वरच्या खोलीत येऊन पडलं. त्या खोलीत मला नोकरी लागली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. गळ्यात घालायचं ओळखपत्र आईने गल्लीभर दाखवून आणलं.

पहिल्या दिवशी आम्हाला कंपनीचा इतिहास शिकवला. दोन विद्यार्थी, भाड्याचं गॅरेज आणि एक युक्ती: इंटरनेटवरच्या ज्या पानाकडे जास्त पानं बोट दाखवतात, ते पान भरवशाचं. मला हे मनापासून पटलं. आमच्या दर्यापुरात चांगला डॉक्टर असाच ओळखला जायचा, दहा माणसं ज्याच्याकडे बोट दाखवतील तो. मी सगळं वहीत चांगल्या अक्षरात उतरवून घेतलं. बोट दाखवलेल्यांच्याही वर पैसे मोजणाऱ्याला बसवतात आणि कमाई मुख्यतः तिथूनच होते, हा भाग शिकवणाऱ्याने दोन वाक्यांत उरकला. तो कोट आणि टाय घालून आला होता. अकोल्यात, ऑक्टोबरच्या उन्हात.

काम असं होतं. गावोगावी जायचं, दुकानाचा फोटो काढायचा, मालकाला विचारून फॉर्म भरायचा, की दुकान कंपनीच्या नकाशावर येणार. मी दर्यापूरचा म्हणून दर्यापूर माझ्याकडे आलं. गेलो तेव्हा जानेवारी होता.

बसस्टँडमागे एका चाचांचं दुकान होतं. पावसाळाभर ते फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. दिवाळी झाली की पंपांची हत्यारं पेटीत जायची, कापूस पिंजायचं यंत्र बाहेर यायचं आणि त्याच दुकानात गाद्या-रजया भरल्या जायच्या. जूनमध्ये पुन्हा पंप. त्यांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलेलं. कपाशी शेतात असते तेव्हा तिच्यावर फवारायचा पंप, घरात येते तेव्हा तिची रजई. फळीवर नाव नव्हतं. लागतही नव्हतं.

फॉर्ममध्ये धंद्यासाठी एकच रकाना होता. मी अकोल्याला साहेबांना फोन केला.

"दोन धंदे आहेत सर. पावसाळ्यात एक, हिवाळ्यात एक."

"फोटोत काय दिसतंय?"

"कापूस."

"मग गादी लिही. फोटो आणि धंदा जुळला नाही तर कंपनी फॉर्म परत पाठवते."

"पण सर, यांचं खरं गिऱ्हाईक पंपाचं..."

"तू नोकरीला आहेस की वकिलीला?"

मी चाचांना विचारलं. त्यांच्या भुवयांवर कापूस बसला होता. म्हणाले, "तू शिकला बापा. तू म्हनतं तसं भर. मले काय समजते त्यातलं?" चाची आतून म्हणाली, "फुकट हाये ना? मंग भर." मी 'गादी व रजई' लिहिलं. चूक होतेय हे मला लिहितानाच ठाऊक होतं. पण ज्यांनी नोकरी दिली त्यांना उलट विचारायचं नसतं, हे मला शाळेपासून शिकवलेलं. गरीब घरच्या पोराचा कृतज्ञपणा हा फार सोयीचा माल असतो. कोणीही उचलून नेतं.

ती वर्षं वऱ्हाडाची वाईट होती. कपाशीवर अळी, सोयाबीनला भाव नाही, आणि पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या मात्र भरपूर. फवारण्या वाढल्या होत्या, नवा पंप घ्यायची ऐपत घटली होती. म्हणजे दुरुस्तीचा धंदा खरं तर जोरात चालायला हवा होता. पण त्याच सुमारास फुकट इंटरनेटची सिमकार्डं घरोघर पोचली. जुनी माणसं सरळ चाचांकडे येत. आता पंप घेऊन पोरं निघायची, आणि पोरं निघण्याआधी फोनला विचारायची.

ऑगस्टमध्ये मी घरी गेलो तेव्हा चाचा रिकामे बसले होते. ऑगस्टमध्ये त्यांना रिकामं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"तुह्या कंपनीनं काय लिवलं रे माह्याबद्दल?"

मी फोन काढला. 'पंप दुरुस्ती' असं टाकलं. सगळ्यात वर अमरावतीचा एक विक्रेता, बारीक अक्षरात 'जाहिरात'. त्याखाली अकोल्याचे दोन. चाचा नव्हतेच. 'गादी' टाकल्यावर मात्र आले, भुवयांवर कापूस घेऊन.

"काल अंजनगावाकडचा एक पोऱ्या आलता," चाचा म्हणाले. "पंप घेऊन आधी अमरावतीले गेलता. तिथी त्याले सांगतलं, दुरुस्ती होत नाई, नवीन घ्या. दोन रुपयाचं वायसर गेलतं, बापा! वापस येता येता चहावाल्यानं त्याले इकडे धाडलं."

म्हणजे बोट दाखवायची ती मूळ युक्ती अजून चालू होती. फक्त ती कंपनीकडे नव्हती, चहावाल्याकडे होती.

"आमचा पावसाळाच खाल्ला तुमच्या कंपनीनं," चाची म्हणाली. "हिवाळा त ठेवला, मेहरबानी."

चाचांनी शर्टाची बटणं लावायला घेतली. "दुकान कुठी हाये तिचं? चाल, मी येतो. जाऊन सांगतो, का बाप्पा, असं असं हाये."

"दुकान नाही चाचा तिचं."

"ऑफिस असंल."

"अमेरिकेत."

"मंग हिशोबाचा मानूस? मुनीम? कोनी त बसत असंल इकडं."

कोणी बसत नव्हतं. जगातल्या प्रत्येक टपरीचा पत्ता जमवणाऱ्या कंपनीला चाचांना चढता येईल असा एकही उंबरठा नव्हता. मी फोनवरूनच तिला नोंदीतली चूक सुधारायची विनंती पाठवली. 'आपल्या मदतीबद्दल आभार' असं ताबडतोब आलं आणि पुढे काहीच नाही. मी पुन्हा पाठवली. पुन्हा आभार. इतके आभार मला दहावीच्या निरोप समारंभातही कोणी मानले नव्हते. शेवटी अकोल्याच्या साहेबांना न विचारता मी त्याच पत्त्यावर दुसरं दुकान नोंदवलं, 'फवारणी पंप दुरुस्ती'. आठ दिवसांनी कंपनीच्या यंत्राला एकाच जागी दोन दुकानं सापडली. खोटेपणाचा संशय घेऊन त्याने दोन्ही पुसली. आता चाचा गादीतही नव्हते.

साहेबांनी बोलावून घेतलं. "कंपनीच्या माहितीत तू खोटं भरलंस."

"सर, तेवढंच एक खरं भरलं होतं."

ओळखपत्र मी टेबलावर ठेवलं. आईला तीन दिवस सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात चाचा पेटी घेऊन आठवडी बाजारात बसले. आज दर्यापूर, परवा अंजनगाव. थोडं काम मिळालं. पुढच्या जूनमध्ये अमरावतीच्या त्याच विक्रेत्याने त्यांना बोलावलं. लोक पंप विकत घेत नव्हते, हे त्यालाही एव्हाना कळलं होतं. आता त्याला दुरुस्ती येणारा माणूस हवा होता. चाचांनी बसस्टँडमागचं दुकान सोडलं. पिंजायचं यंत्र भंगारवाल्याने नेलं.

मी तोवर अमरावतीत एका शाळेत तासिकेवर शिकवायला लागलो होतो. एकदा त्यांना भेटायला गेलो. काचेच्या शोरूममागे पत्र्याचं शेड होतं, तिथे ते पंप उघडून बसले होते. त्यांना बरं वाटेल म्हणून मी फोनवर त्या दुकानाबद्दल लोकांनी लिहिलेलं वाचून दाखवायला लागलो. पाच तारे. 'इथले म्हातारे मिस्त्री फार हुशार आहेत.' पुन्हा पाच तारे. 'मिस्त्री एकदम बेस्ट.'

चाचा ऐकत होते. हातातलं नोझल फुंकून त्यांनी बाजूला ठेवलं.

"हे तारे कोनाच्या नावावर हायेत?"

"दुकानाच्या."

"मंग मालकाले वाचून दाखव ना," ते म्हणाले. "मले काहून दाखवून राहिला?"