शुक्रवारचं ऊन

काका जिन्याच्या खिडकीत थांबायचे, उजवा तळहात उन्हात धरायचे, वांगी हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यावा तसा खालीवर करायचे आणि म्हणायचे, "ऊन वाया चाललंय."

ऑफिसला निघालेला माणूस यावर काय बोलणार? मी "हो ना" म्हणायचो आणि भराभर पायऱ्या उतरायचो. अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. कुणाला गळका नळ अस्वस्थ करतो, कुणाला जिन्यात भर दिवसा जळणारा दिवा. आमच्या काकांचा जीव उन्हात अडकलेला होता, आणि त्याला कारण होतं.

कोपरची आमची बिल्डिंग तीन मजली. लिफ्ट नाही. काका पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. काकू पूर्वी बालवाडीच्या बाई होत्या; अर्ध्या गल्लीला त्यांनी नाक पुसायला शिकवलेलं. पुढे त्यांची फुफ्फुसं कडक होत गेली आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. एका जागी बसून घरघरणारं, हवेतूनच ऑक्सिजन काढणारं, आणि सर्वस्वी विजेवर चालणारं. त्याची नळी स्वयंपाकघरापर्यंत पोचायची, दारापर्यंत नाही. कुणी दारात उभं राहिलं की काकू आतूनच म्हणायच्या, "आत या हो. माझं दावं इथपर्यंतच आहे."

आणि आमच्याकडे शुक्रवारी लाइट जायची. देखभाल-दुरुस्तीसाठी. दर शुक्रवारी नाही, पण गेली तर शुक्रवारीच. आम्ही बाकीचे त्या दिवशी मोबाइल आधी चार्ज करून ठेवायचो, एवढीच आमची तयारी. काकांच्या घरी शुक्रवार म्हणजे परीक्षा. त्यांचा इन्व्हर्टर म्हातारा झाला होता. मशीनचा भार त्याला पेलवेना, थोडा वेळ चालवून ओरडायला लागायचा. मग ऑक्सिजनचा सिलिंडर उघडायचा. तो भरून आणायला काका रिक्षा करून कल्याणला जायचे आणि येताना त्याला पोटाशी धरून बसायचे. एकदा मी विचारलं, "काका, नवीन बॅटरी का नाही घेत?"

"बॅटरी मरते," काका म्हणाले. "दोन-चार वर्षांत मरतेच. सूर्य मरत नाही."

त्यांची मुलगी घोडबंदर रोडला मोठ्या टॉवरमध्ये राहते. तिथे जनरेटर आहे. ती दर रविवारी फोनवर सांगायची, इकडे या. काकू तयार होत्या. काका ऐकायचे नाहीत. "तिच्या घरात ऊन येत नाही," म्हणायचे. "समोरच्या टॉवरने सगळं खाल्लंय."

अशात छतावर सोलर बसवायला सरकार अनुदान देतं हे त्यांना कळलं. देवळाच्या हॉलमध्ये एका फिटरने टेबल टाकलं होतं. मागे मोठं पोस्टर, त्यावर एक हसरं कुटुंब, वर लख्ख पॅनेल आणि त्याहून लख्ख सूर्य. काका ते पोस्टर पाहून आले ते थेट माझ्या घरी.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. कर्तृत्वाने नव्हे. निवडीच्या सभेला वेळेवर पोचण्याची चूक केली होती. मला घरातला फ्यूज बदलता येत नाही. ट्यूबलाइट फडफडली की मी आदराने लांब उभा राहतो. पण त्या दिवसापासून काका मला अहोजाहो करू लागले, आणि त्यात टोमणा जास्त होता.

"सेक्रेटरी, अनुदान सरकार देतंय, ऊन देव देतोय. मधे फक्त तुमची सही आहे."

"माझी एकट्याची नाही हो काका. गच्ची सगळ्यांची. सभा घ्यावी लागेल."

"मग घ्या की. तुम्हाला दुसरं काय काम आहे?"

आतून आमची बायको हसली.

सभा झाली. आमच्या अर्ध्या गच्चीवर गळतीसाठी पत्रे घातलेले. उरलेल्या अर्ध्या उघड्या गच्चीवर मालकी तिसऱ्या मजल्यावरच्या आक्कांची. कागदावर नव्हे, वासाने. आक्का इथल्याच गावच्या. त्यांच्या सासऱ्यांच्या जमिनीवर आमची बिल्डिंग उभी आहे, आणि गच्चीवर त्यांचे बोंबील वाळतात. पॅनेल तिथेच बसणार होते, कारण ऊन तिथेच होतं. दोन बिऱ्हाडांनी गळतीची भीती घातली, एकाने "आज यांचं बसलं, उद्या सगळे मागतील" असा दूरचा विचार मांडला.

"आक्का, तुमचं काय?" मी विचारलं.

"मी काल तिच्याकरं जावून आयले," आक्का म्हणाल्या. "माजे बोंबील कठड्यावर सुकतील. तिचा दम चालला पायजे."

मग गळतीचं कुणी बोललं नाही. ना हरकतीचं पत्र मी स्वतःच्या हस्ताक्षरात लिहिलं आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या, कारण एवढ्या महत्त्वाच्या कागदावर मी आयुष्यात पहिल्यांदाच सही करत होतो. अर्ज काकूंच्या नावाने गेला. घर आणि मीटर त्यांच्याच नावावर होतं. मोबाइल नंबरही त्यांचाच दिला.

पॅनेल माणसांनी जिन्यातून वर चढवले. काका प्रत्येक वळणावर उभे राहून "जपून, आरसा आहे तो" म्हणत होते. मीटर बदलला, वर हिरवा दिवा लागला, घरोघर पेढे आले. काका रोज सकाळी ओलं फडकं घेऊन गच्चीवर जायचे आणि एकेक पॅनेल पुसायचे. कावळ्याने घाण केली तर त्याच्याशी भांडायचे. खिडकीत हात धरणं थांबलं होतं. आता मला नुसतं "सेक्रेटरी, चाललंय," एवढंच सांगायचे. वीज तयार होतेय, असा अर्थ.

त्याच आठवड्यात त्यांनी इन्व्हर्टर भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याच्या जागी काकूंची आरामखुर्ची आली. कल्याणची रिक्षाही थांबली. सिलिंडर कोपऱ्यात होता, तळाशी थोडाफार उरलेला. आता कशाला भरायचा?

आम्हाला कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही. माझ्या शेजारच्या इंजिनिअरलाही नाही. छतावर पॅनेल, आभाळात सूर्य, मग लाइट जाईलच कशी? हा प्रश्न विचारावा असं आमच्यात एकालाही सुचलं नाही, आणि ज्याला उत्तर माहीत होतं त्याला कुणी विचारलं नाही म्हणून तो बोलला नाही.

पहिल्याच शुक्रवारी लाइट जाणार असा मेसेज आला. काका खूश. त्यांनी चक्क आमंत्रणं केली. "दुपारी या. तुमचे सगळ्यांचे पंखे बंद पडतील, आमचा फिरेल. चार्जर घेऊन या."

मी घरून काम करत होतो, म्हणजे खुर्चीत बसलो होतो. बायको म्हणाली, "जा, त्यांना बरं वाटेल." मी गेलो. आक्का आधीच आल्या होत्या, मोबाइल आणि चार्जर पदरात गुंडाळून. काकूंनी सरबत करून ठेवलं होतं. नळी सांभाळत स्वतः केलेलं. "बसा," म्हणाल्या. "नाटकाची पहिली घंटा व्हायचीय."

बाहेर कडक ऊन होतं. ढगाचा ठिपका नाही.

लाइट गेली. खालच्या दुकानाचा फ्रीज बंद पडल्याचं ऐकू आलं, वरच्या मजल्यावरचा टीव्ही थांबला. आम्ही सगळे मान वर करून काकांच्या पंख्याकडे पाहत होतो. पंखा हळू झाला. अजून हळू झाला. त्याची पाती वेगवेगळी दिसायला लागली, आणि मग मशीन किंचाळलं.

"एक मिनिट," काका म्हणाले. "वर काहीतरी पडलं असेल पॅनेलवर." आणि ते जिन्याकडे धावले.

मी फिटरला फोन लावला. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सरबताचा पेला. तो खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

"लाइन बंद आहे का?" फिटर म्हणाला. "मग बंदच राहणार साहेब. लाइट गेली की सिस्टीम आपोआप बंद होते. नाहीतर तुमची वीज उलटी लाइनमध्ये जाईल, खांबावर वायरमन काम करत असतो, त्याला शॉक बसेल. अनुदानातल्या अशाच असतात. बॅटरीची वेगळी येते, ती तुम्ही घेतली नाही." मग जरा थांबून म्हणाला, "बिल शून्य येईल पण."

आक्कांनी सिलिंडर ओढून आणला. चावी घट्ट बसली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी फिरवली. काकूंचे ओठ निळे पडायला लागले होते. त्यांनी मला खुणेने वर बोट दाखवलं. काकांना बोलावून आणा, असं.

मी गच्चीवर गेलो तेव्हा काका अंगातला शर्ट काढून पॅनेल पुसत होते. चटका बसेल इतके पॅनेल तापले होते. सगळे स्वच्छ होते. काका पुन्हा पहिल्यापासून पुसत होते.

मी त्यांना फिटरचं बोलणं सांगितलं. त्यांनी शर्ट हातात धरला आणि सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता शिव्या देतील. मीही दिल्या असत्या, त्यांच्या सुरात सूर मिसळून.

"बरोबर आहे," काका म्हणाले. "त्यालाही घर असेल. वायरमनला."

सिलिंडर संपत आला तेव्हा अँब्युलन्स आली. काकूंना खुर्चीत बसवून खाली उतरवलं. त्याच वळणांवरून, जिथून पॅनेल वर गेले होते. काका प्रत्येक वळणावर "जपून" म्हणत होते. हॉस्पिटलमध्ये काकू काही दिवस होत्या. शुद्धीवर आल्या, मुलीला ओळखलं, मला पाहून "सरबत प्यायलात ना?" असं पुटपुटल्या. मग फुफ्फुसांनी ऐकलं नाही. डॉक्टर म्हणाले, आजार तसाच होता, कधीतरी होणारच होतं. ते खरंही असेल.

तेराव्याला पानं मांडली जात असताना फोटोजवळ ठेवलेला काकूंचा फोन वाजला. मेसेज होता. काकांनी चष्मा लावून तो वाचला, पुन्हा वाचला आणि माझ्याकडे दिला. अनुदान खात्यात जमा झालं होतं. वरती काकूंचं पूर्ण नाव होतं आणि त्यापुढे 'अभिनंदन'.

"हिचं अभिनंदन केलंय त्यांनी," काका म्हणाले आणि वाढायला उठले.

त्यानंतर त्यांनी गच्ची सोडली. फडकं कठड्यावर वाळून कडक झालं. पॅनेलवर धूळ बसली, कावळे निवांत बसू लागले. मुलगी त्यांना घोडबंदरला घेऊन गेली. या वेळी ते गेले. आता त्यांच्या घरात भाडेकरू आहेत, भले लोक. बिल येत नाही म्हणून खूश असतात. शुक्रवारी लाइट गेली की दारात उभे राहून मला विचारतात, "काका, सोलर असून आमची कशी गेली?" मी त्यांना वायरमनचं सांगतो. आता मला ते पाठ आहे.

मध्यंतरी मी काकांना भेटायला गेलो. ट्रॅफिकमुळे पोचायला दुपार झाली. खूप वरचा मजला. खिडकीसमोर दुसरा टॉवर, इतका जवळ की त्यांच्याकडे दोरीवर काय वाळतंय ते दिसावं. खोलीत ऊन नव्हतं. काका खुर्चीत बसले होते, बारीक झाले होते. मी कोपरच्या गोष्टी सांगितल्या, आक्कांनी दिलेले बोंबील दिले. मुलगी आत चटणी वाटत होती.

बोलता बोलता मिक्सरचा आवाज बंद पडला. लाइट गेली होती. आम्ही दोघांनी एकदमच वर पाहिलं. पंख्याची गती जरा कमी झाली, पाती दिसतील न दिसतील इतकीच, आणि कुठेतरी खाली जनरेटर धडधडला. मिक्सर पुन्हा सुरू झाला. मुलीने मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

काका अजून पंख्याकडेच बघत होते.

"पाहिलंस?" ते म्हणाले. पुष्कळ दिवसांनी त्यांनी मला अरेतुरे केलं. "थांबलासुद्धा नाही."

आणि उजवा तळहात त्यांनी मांडीवर पालथा ठेवला.