रस्त्याला हात लावणारा चॅम्पियन

चॅम्पियन रस्त्याला हात लावल्याशिवाय त्यावर कुणालाही गाडी घालू देत नसे. अमेरिकेतल्या सनीव्हेलजवळच्या एका कॉलेजच्या पार्किंग लॉटमध्ये रविवारी सकाळी आम्ही बाराजण हेल्मेट काखोटीला मारून मोटरसायकल शिकायला उभे असायचो आणि हा पन्नाशीचा, ठेंगणा, उजव्या पायाने किंचित लंगडणारा स्पॅनिश माणूस अख्खा लॉट पायी फिरायचा. मध्येच उकिडवा बसायचा, तळहात डांबरावर टेकवायचा, मग बोटं नाकाशी नेऊन हुंगायचा. खडा दिसला की खिशात टाकायचा. "कॉलेजवाल्यांनी कालच झाडून घेतलंय," असं मी पहिल्याच दिवशी म्हटलं.

"तू पाहिलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

हे "तू पाहिलंस?" आम्ही पुढे इतक्यांदा ऐकलं, की पाऊस पडतोय म्हणायलासुद्धा आधी खिडकीबाहेर हात काढायची सवय लागली.

सरळच सांगते, मी तिथे शिकायला गेले नव्हते. त्याला उघडं पाडायला गेले होते. पुण्यात कॉलेजात असताना मी पत्रकं लिहायचे. बसचं भाडं, मेसमधली आमटी, प्रवेशाच्या देणग्या, काही सोडलं नाही. मथळ्यात प्रश्न, पहिल्या ओळीत आरोप, शेवटी 'जाब विचारा!' एवढं जमलं की पत्रक झालं. नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत सॉफ्टवेअर तपासायला आले, तरी ती खाज काही गेली नाही.

निमित्त झालं मंदारचं. मंदार माझा मावसभाऊ, नागपूरचा. माझ्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये राहायचा. इथे आल्यावर सहा महिन्यांत त्याने एक लालभडक सेकंडहँड स्पोर्ट्स बाइक उचलली. मावशी फोनवर रडली, मग ओरडली. "तुझ्या भरवशावर पाठवलाय त्याला. काही झालं तर मी तुला धरीन." मंदार मात्र खुशीत. "ताई, क्लास लावलाय यार! साक्षात वर्ल्ड चॅम्पियन शिकवतो." त्याने कॉलेजचं माहितीपत्रक माझ्या नाकासमोर धरलं. 'जगज्जेत्याकडून शिका,' आणि खाली नाव: एमिलिओ रोकेल मोलिना.

मला फुकटचे जगज्जेते आवडत नाहीत. इंटरनेटवर जुन्या विजेत्यांची यादी मिळाली, ती मी एकेक वर्ष खाली उतरत वाचली. मोलिना कुठेच नाही. इथल्या मराठी मंडळातल्या चार इंजिनियरांना यादी दाखवली. त्यांनाही नाही दिसला. तेव्हा ठरवलं, क्लासला जाऊन पुरावा गोळा करायचा.

पुरावा दर रविवारी मिळत होता. "कोणत्या वर्षी जिंकलात?" असं विचारलं की तो आभाळाकडे बघायचा. "जुनी गोष्ट." कोणत्या गटात? "छोट्या गाड्या. तुमच्याकडच्या बायका भाजी आणायला नेतात ना, तेवढ्या." कप, फोटो, काही? "घरी जागा नाही." बाकीचे हसायचे. मी वहीत टिपून ठेवायचे.

आणि शिकवताना तर तो माझ्यामागे हात धुऊन लागला होता. मी दहावीपासून पुण्याच्या रस्त्यावर तोंडाला स्कार्फ गुंडाळून गाडी चालवलेली. मला कोण शिकवणार? पहिल्या फेरीत मी वळणावर हॉर्न दिला. चॅम्पियनने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

"हे काय होतं?"

"समोरच्याला कळावं म्हणून."

"म्हणजे तुझा त्याच्यावर विश्वास आहे. त्याला ऐकू येतं, तो जागा आहे, तो भला माणूस आहे." पुढच्या रविवारी माझ्या गाडीच्या हॉर्नची वायर काढलेली होती.

विश्वास हा त्याच्या लेखी ड्रायव्हिंगमधला सगळ्यांत मोठा दोष. आरसा खोटं बोलतो. सिग्नल फक्त सल्ला देतो. समोरच्या गाडीतली बाई हसून मान हलवते आहे? "तिच्या चेहऱ्याकडे बघूच नका. पुढच्या चाकाकडे बघा. चेहऱ्याला खोटं बोलता येतं, चाकाला येत नाही." मला हे ऐकताना राग यायचा. एवढा संशयी माणूस स्वतः मात्र लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून 'जगज्जेता' लावून बसलाय!

त्या गणपतीत मी पत्रक काढलं. 'चॅम्पियन कोणाचा?' मंडळाच्या कार्यक्रमात मोदकांच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात दिलं. इंग्रजी प्रत कॉलेजच्या ऑफिसात दिली. 'खोट्या पदवीवर आमच्या मुलांचे जीव टांगले आहेत. जाब विचारा!' दोन आठवड्यांत उत्तर आलं: चौकशी होईपर्यंत क्लास बंद. मंदार माझ्याशी बोलेना. "अर्धा शिकलोय ताई मी. अर्धा! आता बाकीचं हायवेवर शिकू?"

चौकशी म्हणजे एका छोट्या खोलीत एक ऑफिसबाई, तिचा कॉम्प्युटर, मी आणि चॅम्पियन. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. हातात काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "मिस्टर मोलिना, या यादीत तुमचं नाव नाही."

"मोलिना माझी आई," तो म्हणाला.

बाईंना कळलं नाही. मला तर मुळीच नाही. तो माझ्याकडे वळला. "तुझ्या लायसन्सवर मधलं नाव कोणाचं?"

"वडिलांचं."

"माझंही मधलं वडिलांकडचंच. पण आमच्याकडे तेच आडनाव असतं. त्यामागे आईचं आडनाव लावतात. अमेरिकेत फॉर्म भरला, त्यांनी शेवटचा शब्द उचलला. वीस वर्षं मी इथे मिस्टर मोलिना आहे. आईला सांगितलं तर ती खूश झाली, म्हणून मी ते बदललं नाही."

बाईंनी 'रोकेल' टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. दोनदा होतं ते नाव. लागोपाठच्या दोन वर्षांत.

नाव, वडिलांचं नाव, आडनाव. शाळेच्या पहिल्या हजेरीपासून डोक्यात बसलेला क्रम. रोकेल हे याच्या बापाचं नाव असणार असं मी धरून चालले, चार इंजिनियर धरून चालले, आणि यादीत त्या नावावरून आमची नजर दोनदा सरकून गेली. पाचांपैकी एकालाही शंका आली नाही. मी, जिला देशातल्या प्रत्येक गोष्टीची शंका येते!

मला वाटलं, आता क्लास सुरू होईल. बाई गोड हसल्या. खुलासा झाला याचा आनंद आहे, म्हणाल्या, पण पत्रकात जिवाच्या धोक्याचा उल्लेख आहे, विम्याचा प्रश्न येतो, तेव्हा लॉट देता येणार नाही. मी भांडले. आवाज चढवला. चॅम्पियन उठला आणि म्हणाला, "चल, आबोगादा." म्हणजे वकीलबाई. त्या दिवसापासून मला हेच नाव पडलं.

बाहेर लॉटच्या कडेला मी माफी मागितली. तो खिशातले खडे हातात खुळखुळवत होता.

"तू शोधलंस ना?"

"हो."

"किती ठिकाणी?"

"एका."

"एक म्हणजे शून्य." मग त्याने सांगितलं. दुसऱ्या वेळी जिंकला त्या वर्षी, शेवटच्या शर्यतीत, कुणाच्या तरी इंजिनातलं तेल एका वळणावर सांडलं होतं. झेंडेवाल्याने खूण केली, रस्ता साफ. त्याच्या पुढे त्याच्याच संघातला त्याचा मित्र होता. गुणांतही पुढे होता. मित्र झेंड्यावर विश्वास ठेवून वळणात शिरला, घसरला आणि जिवानिशी गेला. "तो पडला म्हणून मी जिंकलो. आता ते वर्ष तुझ्या यादीत मोजायचं की नाही, तू ठरव." मग वाकला, सवयीने डांबराला हात लावला आणि निघून गेला.

कागदावर मी कुणाला कधी शरण गेले नव्हते. दुसरं पत्रक काढलं. मथळ्यात पहिल्यांदाच प्रश्न नव्हता: 'चूक माझी होती.' पहिलं पत्रक ज्यांना दिलं त्यांच्या दारात जाऊन दिलं. कोणी चहा पाजला, कोणी टोमणा मारला. "आता तिसरं कधी?" पण नुसत्या कागदाने क्लास मिळत नव्हता. त्याला जागा हवी होती, आणि ती मी घालवली होती.

जागा होती इथल्या आपल्या देवळाची. मोठा, सपाट, रविवारी सकाळी रिकामा लॉट. विश्वस्त होते डॉक्टरकाका, तीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेले, आता निवृत्त.

"अगं, देवाच्या दारात फटफटी?"

"काका, आरतीच्या आत आवरू."

"आणि कोणी पडलं तर?"

"पडू नये म्हणून तर शिकायचं!"

काका बधेनात. शेवटी आतून काकू आल्या. "अहो, त्या मंदारची आई मला फोन करते. उद्या काही झालं तर मी तिला काय सांगू? तुमचं पार्किंग स्वच्छ राहिलं म्हणून?" काका म्हणाले, "एक रविवार, तोही माझ्या देखरेखीखाली."

त्या रविवारी काका-काकू पायरीवर उभे. चॅम्पियन आला, सगळा लॉट फिरला, वाकला, जमिनीला हात लावला, बोटं नाकाशी नेली. इतक्या लांबून काकूंना वाटलं, कपाळाला लावली. "बघा हो," त्या काकांना म्हणाल्या, "परका माणूस, पण भूमीला नमस्कार करतोय. आपली मुलं करतात का?" काकांचे डोळे भरून आले. मी गप्प बसले. सत्यासाठी आयुष्यभर भांडले, पण त्या दिवशी मी गप्प बसले.

इतक्यात चॅम्पियनने मला हाक मारली. डांबरावर काहीतरी चेंदामेंदा झालेलं होतं. "आबोगादा, हे काय?"

"लिंबू. नवी गाडी घेतली की पूजा करतात आणि चाकाखाली लिंबू चिरडतात."

"कशासाठी?"

"अपघात होऊ नये म्हणून."

त्याने बोटाने ती बुळबुळीत साल डांबरावर सरकवून पाहिली. "चाकाखाली," तो म्हणाला. "अपघात होऊ नये म्हणून." मग खिशातून रुमाल काढून ते पुसलं, भोवती चार केशरी कोन ठेवले आणि दिवसभर अधूनमधून स्वतःशीच हसत राहिला. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

एका रविवारचे दोन वर्षांचे रविवार झाले. मंदार पूर्ण शिकला. एकदा संध्याकाळी तो माझ्या दारात आला तो पांढराफटक. एक गाडीवाला त्याच्याकडे बघून थांबला, हसला आणि तरीही डावीकडे, त्याच्या आडवा वळला. "ताई, मी चाक बघत होतो. चाक हललं, मी ब्रेक मारला. चेहरा बघत असतो ना, तर संपलो असतो यार." मी मावशीला फोन लावला, पण सांगितलं नाही काही. नुसतं तिचं बोलणं ऐकत बसले.

दोन हजार आठ साली चॅम्पियनची आई, ती मोलिना, अंथरुणाला खिळली आणि तो स्पेनला परत गेला. कायमचा. शेवटच्या रविवारी त्याने प्रत्येकाला हाताने लिहिलेलं प्रमाणपत्र दिलं. माझं लिहिताना पेन उचलून त्याने विचारलं, "आईचं आडनाव?"

मी दचकलेच. माझ्या आईचं माहेरचं आडनाव अमेरिकेत फक्त बँकेला माहीत होतं, तेही गुप्त प्रश्नाचं उत्तर म्हणून. बायकांच्या हक्कांवर मी डझनभर पत्रकं लिहिली होती आणि त्यांतल्या एकाखालीही आईचं नाव नव्हतं. मी हळू आवाजात सांगितलं. त्याने माझं नाव, माझं आडनाव आणि त्यामागे तिचं, असं ठळक अक्षरात लिहिलं आणि अक्षरं बरोबर आहेत का, ते मला दोनदा तपासायला लावलं.

खाली शेऱ्याची ओळ होती. ती मी घरी येऊन वाचली. 'अजून लोकांवर फार विश्वास ठेवते. हॉर्न जोडून देऊ नये.'

माझ्या गाडीला आजही हॉर्न नाही.