कारीनबाईंची लेक हातोहात

आमच्या उरवडे गावात मूल हरवलं तर सापडायला फारसा वेळ लागत नाही. ते हरवलंय हे लोकांना पटवायलाच वेळ लागतो.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचे हे गावाजवळच्या नव्या कारखान्यात फिटर होते. तिथलं मशीन बसवायला स्वीडनहून लार्स नावाचा इंजिनिअर आला होता. त्याला आणि त्याच्या बायकोला, कारीनबाईंना, मूलबाळ नव्हतं. पुण्यातल्या एका संस्थेतून त्यांनी चार-पाच महिन्यांची मुलगी दत्तक घेतली होती. कोर्टाचं काम झालं होतं, पोरीचा पासपोर्ट तेवढा यायचा होता. ह्यांनी तिघांना रविवारी जेवायला बोलावलं आणि मॅनेजरला छातीठोकपणे सांगून आले, "भाषेची काळजी नको सायेब, माजी बायको म्याट्रिक हाय!" (मॅट्रिकला इंग्रजीत मी काठावर पास. काठही मास्तरांनी जवळ आणलेला!)

गाडी दारात थांबली आणि निम्मं गाव अंगणात जमलं. कारीनबाई पोरीला पोटाशी बांधून उतरल्या. सासूबाईंनी पाणीही न विचारता पहिला प्रश्न टाकला.

"पोरगीच का घेतली म्हनावं? पोरगा न्हाई मिळाला?"

मी जमेल तसं विचारलं. आलेलं उत्तर जमेल तसं सांगितलं, "आत्याबाई, त्या म्हणतात, आम्ही काही निवडलं नाही. ही दिसली आणि आमची झाली."

"आन सावळी कशी चालली? ह्ये दोघं तर दुधावानी!"

हा प्रश्न मी गिळला आणि म्हणाले, "व्हेरी गुड बेबी!" कारीनबाई खूश. मी तिथंच गप्प बसले असते तर अब्रूनिशी सुटले असते.

पुरुषांची पंगत उठली, लार्सला घेऊन हे विहीर दाखवायला गेले, बायका बसल्या. कारीनबाई एका हातानं पोर सावरत भाकरी मोडायला लागल्या, तशी शेजारची पारूबाई पुढं झाली. "आना हिकडं! पोर घिऊन कुनी जेवतंय व्हय?" बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी ऐटीत म्हणाले, "नो प्रॉब्लेम!"

चार घास झाले नाहीत तोवर बाईंनी मान वर केली. पारूबाई दारात उभी. हात रिकामे!

"बेबी?" बाईंचा आवाज चिरका झाला.

"पारूबाई, पोर कुठंय?"

"वरच्या आळीत न्हेली की, दाखवाया."

"कुणी?"

"आता त्ये कोन ध्यानात ठेवतंय?"

मी उष्ट्या हातानं वरच्या आळीत पळाले. तिथल्या बाया कौतुकात बुडालेल्या. "लई गुनाची पोर! आत्ताच हितनं गेली." गेली म्हणे! चार महिन्यांची पोर जणू चप्पल घालून निघाली होती! खालच्या आळीतही तेच. पोर सगळ्यांनी घेतलेली, आणि कुणाकडंच नाही!

धापा टाकत घरी आले. कारीनबाई ओट्यावर उभ्या, चेहरा पांढराफटक. पोर इथं नाही, शेजारीपाजारीच आहे, असं मला सांगायचं होतं. मी सुरुवात केली, "शी इज नो मोर..." आणि 'हिअर' तोंडातून बाहेर पडायच्या आत मला खोकल्याची उबळ आली.

बाई अनवाणीच गल्लीत धावत सुटल्या!

"येवडं काय झालं?" सासूबाई चक्रावल्या. "आपली पोरं दिसभर कुनाच्याबी घरात असत्यात. आपला बाळू सकाळपास्नं कुटं हाय, आपन इचारतो व्हय?"

"आत्याबाई, कित्येक वर्षं वाट बघितलीय हो त्यांनी हिची! त्यांना वाटतंय, पोर गेली!"

पारूबाईनं पदर खोचला आणि "आगं बया!" म्हणत सगळ्यांच्या पुढं पळाली. वाटेत कारीनबाईंना गाठून तिच्यामागं आम्ही सगळ्या.

गावाच्या टोकाला, गावभरच्या बाळांना न्हाऊ घालणाऱ्या गंगूआजीचं घर. आत जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली आणि झोळीत स्वीडनची लेक! अंगाला तेल, डोळ्यांत काजळ, गालावर रुपयाएवढी काळी तीट, गाढ झोपलेली. "हळू!" गंगूआजीच आमच्यावर खेकसली. "आत्ता डोळा लागलाय. कोरडी ठाक व्हती पोर, न्हाऊ घातलंय."

कारीनबाई गुडघ्यावर बसल्या. पोरीच्या छातीवर हात ठेवला, श्वास हाताला जाणवला, आणि हसता हसता ढसाढसा रडायला लागल्या. आजीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "आई झालीस न्हवं? आता ह्ये रोजचंच." याचं इंग्रजी करायची गरज पडली नाही. (नशीब!)

घरी परतलो तर लार्स विहिरीवरून येऊन ओट्यावर बसलेला, या गोंधळाचा त्याला पत्ताच नव्हता. मांडीवर एक पोरगं. लार्सनं विहिरीवर धुतलेला चेहरा साबणानं लख्ख, केसांचा चापून भांग. कारीनबाईंनी खुणेनं विचारलं, हा कुणाचा?

मी हात झटकला, "समबडीज!"

"आगं भवाने!" सासूबाई किंचाळल्या आणि पोरगं उचलून माझ्यापुढं उभं केलं. "तुजाच बाळू हाय त्यो! धुतल्यावर असा दिसतोय!"

कारीनबाईंनी माझ्याकडं बघितलं, बाळूकडं बघितलं. मग माझे दोन्ही हात हातात घेऊन, अगदी हळू आवाजात लांबलचक काहीतरी विचारलं. मला वाटलं, जेवणाचे आभार मानतायत. मी हसून म्हणाले, "येस, येस! थँक्यू!"

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. "लार्ससाहेब म्हणतात, त्यांना सध्या एकच मूल झेपेल. पण तुमच्या मुलासाठी त्यांच्या ओळखीत एक चांगलं घर आहे. तुमच्या मिसेसनी आनंदानं होकार दिलाय म्हणे. तुमचं काय मत?"

तेव्हापासून इंग्रजीत कुणी काहीही विचारलं तरी मी आधी 'नो' म्हणते. त्यापायी बरेच चहा हुकले, पण पोरगं घरात राहिलं!